मास्क, मुलं आणि पुन्हा फिरणारा तो मेसेज

कुठेतरी कोरोनाचे चार रुग्ण सापडल्याची बातमी आली की पालकांच्या ग्रुपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वेळी तो मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला. त्याची मुलगी आता सातवीत आहे, मुलगा बालवाडीत. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, हे खरं आहे का?"

मेसेजचं म्हणणं असं: वर्गात मास्क लावणं म्हणजे मुलांना हळूहळू गुदमरवणं. मास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, आणि हे मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात सिद्ध झालंय. चीनमध्ये मास्क लावून धावताना मुलं दगावली. विषाणू इतका बारीक की मास्क त्याला अडवूच शकत नाही. मुलांना कोरोना होतच नाही. मास्कमुळे काळी बुरशी होते, मुलांचं बोलणं खुंटतं. जागतिक आरोग्य संघटनाच मुलांना मास्क नको म्हणते, आणि मास्क निरुपयोगी असल्याचं संशोधनही आलंय. म्हणून उद्या साथ आली तरी मुलाला वर्गात मास्क लावू देऊ नका, आणि हे सगळ्यांना पाठवा.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग उघडले तेव्हापासून २०२२च्या गुढीपाडव्याला राज्यात मास्क ऐच्छिक होईपर्यंत, मधले ओमायक्रॉनच्या सुट्टीचे दिवस सोडले, तर मी मास्क लावून शिकवलं आणि मास्क लावलेल्या मुलांना शिकवलं. म्हणून हे उत्तर त्याच्या एकट्यापुरतं न ठेवता सगळ्यांसाठी लिहिते आहे.

आधी श्वास कोंडण्याचं बघू, कारण आईबापाच्या काळजाला हात घालतं ते हेच वाक्य. मेसेज एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: विषाणू मास्कमधून सहज आरपार जातो, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र आत अडकून बसतो. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्याहून सुमारे ३०० पटींनी लहान. ज्या चाळणीतून ज्वारी खाली पडते त्याच चाळणीत पीठ अडकतं, असं म्हणण्यासारखं आहे हे. ऑक्सिजनचा रेणूही तेवढाच बारीक. दोन्ही वायू कापडातून बिनदिक्कत ये-जा करतात.

मग त्या नियतकालिकाचं काय? ते प्रकरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय. जून २०२१च्या अखेरीस 'जामा पेडियाट्रिक्स' या अमेरिकेतल्या बालरोगविषयक नियतकालिकात ४५ मुलांवरच्या मोजमापाचं एक छोटं टिपण आलं. मास्कच्या आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड फार वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. इतर शास्त्रज्ञांनी लगेच विचारलं, की तुम्ही आत घेतलेली हवा मोजली की नुकत्याच सोडलेल्या श्वासाची? मोजायचं यंत्र या कामाला योग्य होतं का? समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत आणि जुलैच्या मध्यावर, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, नियतकालिकाने ते टिपण मागे घेतलं. मेसेजमध्ये प्रसिद्ध झाल्याचं आहे, मागे घेतल्याचं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ४७ लहान मुलांना सर्जिकल मास्क लावून त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तपासला होता. काळजी करावी असा फरक त्यांना आढळला नाही.

कार्बन डायऑक्साइडची खरंच चिंता असेल तर मी म्हणेन वर्गाकडे बघा. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४० हजार. साठ मुलं एका खोलीत, पावसाच्या सरी आत येतात म्हणून खिडक्या लावलेल्या, दार ओढून घेतलेलं. अशा वर्गात तिसऱ्या तासाला पोरं पेंगायला लागतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तिथे एकमेकांनी सोडलेली हवाच सगळे पुन्हा आत घेत असतात, आणि साथीच्या दिवसांत त्या हवेतून विषाणूही फिरतो.

याचा अर्थ मुलांना त्रास होत नव्हता असं नाही. होत होता. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापायला लागतं तेव्हा दुपारपर्यंत मास्क घामाने ओला होई, आणि ओल्या कापडातून श्वास घ्यायला जड जातं. मुलं तक्रार करायची, ती खरी होती. आम्ही दप्तरात दुसरा कोरडा मास्क ठेवायला सांगितलं आणि दर तासाला चार-चार मुलांना पाच मिनिटं मैदानात मोकळं उभं केलं. पी.टी.च्या तासाला मास्क काढायचाच, हा नियम होता. चीनमधल्या त्या घटनांबद्दल सांगायचं तर २०२० मध्ये तशा बातम्या आल्या होत्या, पण मृत्यूचं कारण मास्कच होतं हे सिद्ध झालं नाही. धावताना, खेळताना मुलांनी मास्क लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. वर्गात बाकावर बसलेल्या मुलाला ती बातमी लागू होत नाही.

विषाणू मास्कच्या छिद्रांपेक्षा लहान आहे, हे वाक्य आकाराच्या हिशेबाने बरोबर आहे. पण विषाणू एकटा उघडा फिरत नाही. तो बोलताना, खोकताना उडणाऱ्या लाळेच्या सूक्ष्म थेंबांतून येतो, आणि ते थेंब त्याच्याहून मोठे असतात. दुसरं म्हणजे मास्क चाळणीसारखा काम करत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये जो गेलाय त्याला हे लगेच कळेल. तिथे कापसाची धूळ जाळ्यांना, डोक्याच्या केसांना, मागाच्या तारांना चिकटून बसते. त्या तारांमधली फट धुळीपेक्षा कितीतरी मोठी असते, तरी धूळ आदळते आणि अडकते. मास्कच्या तंतूंवर तेच घडतं. चांगल्या मास्कच्या थरात स्थिर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. एन-९५ मास्क अडवायला सगळ्यात अवघड अशा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकीही किमान ९५ टक्के अडवतो. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरण्याच्या खात्यात होते. नाकावर फडकं बांधल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नसत. फडक्यातून सगळी धूळ थांबत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी संध्याकाळी ते फडकं झटकलं की अंगणात काय पडायचं ते आम्ही रोज बघायचो.

पण कुठलाही मास्क चालतो असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये आमच्या गल्लीत घरोघरी शिलाई मशीनवर कापडी मास्क शिवले गेले, त्या बायकांच्या कष्टांचा मला आदर आहे. तरी एकपदरी, सैल कापडी मास्क कमी कामाचा, सर्जिकल बरा, आणि नाकाजवळ फट राहिली तर एन-९५सुद्धा वाया.

मुलांना कोरोना होत नाही, हे तर आकड्यांपुढे टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जून-जुलै २०२१च्या रक्ततपासणी सर्वेक्षणात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. ती संसर्गानंतर किंवा लसीनंतर तयार होतात. तेव्हा मुलांचं लसीकरण सुरूही झालं नव्हतं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. बहुतेकांना तो सौम्य झाला, आणि ही मोठी सुदैवाची गोष्ट. पण मूल संध्याकाळी घरी जातं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं एका खोलीच्या घरात राहतात. त्याच खोलीत आजी विड्या वळत बसलेली, तंबाखूने छाती आधीच भरलेली. अशा घरात एकमेकांपासून अंतर कसं ठेवायचं? अशा घरातल्या मुलाला वर्गात मास्क लावायला सांगताना मी त्याच्याइतकाच त्याच्या आजीचाही विचार करत होते.

काळ्या बुरशीचं थोडक्यात सांगते. म्युकरमायकोसिसचे रुग्ण दुसऱ्या लाटेत वाढले ते मुख्यतः ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर यांमुळे. मास्कमुळे हा आजार होतो याला पुरावा नाही. मास्क रोज धुवावा किंवा बदलावा, ते स्वच्छतेसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेचं नाव घेऊन जे सांगितलंय त्यात वय गाळलंय. ऑगस्ट २०२० मध्ये तिने युनिसेफबरोबर सूचना दिल्या होत्या: पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, ६ ते ११ वयात परिस्थिती आणि मुलाची समज बघून, १२ वर्षांपुढे मोठ्यांप्रमाणे. जानेवारी २०२२ मधल्या आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही याच धर्तीवर होत्या. मेसेजने पहिलं वाक्य उचललं आणि ते सगळ्या मुलांना लावलं.

आणि बोलणं खुंटतं, या मुद्द्यावर मी मेसेजशी पूर्ण भांडणार नाही. आमच्या भागात अनेक मुलांच्या घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. मराठी त्यांना पहिल्यांदा नीट भेटते ती शाळेत. 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'स' यांतला फरक ती बाईंच्या तोंडाकडे बघून उचलतात. ज्याला कमी ऐकू येतं त्या मुलाचं तर अर्धं ऐकणं डोळ्यांनीच चालतं. बालवाडी-पहिलीत मास्कची सक्ती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवी-नववीच्या मुलांची गोष्ट निराळी. माझ्या वर्गात ती मास्कमधूनही तितक्याच मोठ्याने वाद घालत होती.

राहिला संशोधनाचा मुद्दा, आणि तो सगळ्यात अवघड आहे. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा आला. 'मास्क चालत नाहीत हे सिद्ध झालं' असा गाजावाजा झाला तो त्यावरूनच. त्यानंतर कोक्रेनच्या मुख्य संपादकांनीच जाहीर केलं, की हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे. उपलब्ध पुरावा निश्चित उत्तर देण्याइतका भक्कम नाही, एवढंच आढावा सांगतो. बांगलादेशात ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. तिथे सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. पण तो प्रयोग प्रौढांवरचा होता, आणि त्या गावांतही मास्क लावणारे निम्म्याहून कमीच होते. शाळांबद्दल अमेरिकेतल्या बोस्टन परिसराचा अभ्यास आहे. २०२२ मध्ये जिथे सक्ती उठली त्या शाळांत पुढच्या १५ आठवड्यांत दर हजारी सुमारे ४५ रुग्ण जास्त निघाले. याउलट स्पेनमधल्या कॅटलोनियात मास्क नसलेल्या पाच वर्षांच्या आणि मास्क लावणाऱ्या सहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, तेव्हा ठळक फरक दिसला नाही.

हे दोन्ही मी मुलांना वर्गात सांगते. यातून मला समजतं ते असं, की लहान मुलांत मास्कचा फायदा फारसा दिसत नाही, मोठ्यांत काही प्रमाणात दिसतो, आणि मधल्या सुट्टीत सगळे मास्क काढून एका डब्यात हात घालतात तेव्हा त्यातलाही थोडा हातचा जातो. म्हणून आमच्याकडे डबे व्हरांड्यात आणि मैदानात खायला लावले. पण थोडा फायदा आणि शून्य फायदा यांत माझ्यासाठी फार अंतर आहे, कारण तेव्हा दुसऱ्या पारड्यात काय होतं ते मी पाहिलंय. बंद शाळा होती. पहिली-दुसरीच्या मुलांनी जवळपास पावणेदोन वर्षं वर्ग पाहिला नाही. माझ्या आठवीच्या पटावरच्या दोन मुली वर्ग उघडल्यावर परत आल्याच नाहीत. एकीचं लग्न झालं होतं, दुसरी कामाला लागली होती. त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसवायला मला बरेच दिवस लागले. मास्क लावून का होईना वर्ग आठ दिवस लवकर उघडत असेल, किंवा एखाद्या लाटेत तो बंद होण्यापासून वाचत असेल, तर मी मुलांना मास्क लावायला सांगेन. लाट ओसरली की त्याच दिवशी काढायलाही सांगेन.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आज साथ नाही, त्यामुळे आज काही करायचं नाही. उद्या साथ आली तर मोठीला नीट बसणारा सर्जिकल मास्क, दप्तरात दुसरा कोरडा, आणि खेळताना काढायचा. धाकट्याला मास्क नको, त्याच्या बाईंना त्याचं तोंड आणि त्याला त्यांचं तोंड दिसू दे. दमा किंवा दुसरा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि सोमवारी मुलीला सोडायला जाशील तेव्हा तिच्या वर्गाची मागची खिडकी उघडते का ते बघून ये. आमच्या वर्गाची कडी गंजून बसली होती, ती २०२१ मध्ये शिपाईमामांनी तेल घालून आणि हातोडीने ठोकून मोकळी केली. उघडत नसेल तर पालक सभेत हात वर कर.