पोराच्या तळहाताला सगळं कळतं

घरातल्या बोलण्यातून वर्णद्वेष मुलांपर्यंत पोचतो, असं एका लेखात वाचलं. मला वाटतं, तो न बोलताच जास्त पोचतो. लिफ्टमध्ये वेगळ्या वर्णाचा माणूस शिरला की आई पर्स पोटाशी घेते, पोराचा हात जरा घट्ट धरते. तोंडातून शब्द निघत नाही, पण पोराच्या तळहाताला सगळं कळलेलं असतं. मीही लहानपणी असंच शिकलो आणि ते विसरायला फार वर्षं गेली, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. खेळायला सुमारे दोन तृतीयांश मुलांनी गोरी निवडली. ‘तुझ्यासारखी कुठली?’ या प्रश्नावर तर काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. तीन वर्षांच्या लेकराला हे कुणी समोर बसवून शिकवलं असेल का हो? १९५४ साली शाळांमधली वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा दाखला दिला. शाळांचे नियम निकालाने बदलता आले. लिफ्टमधला तो हात मात्र आपल्यालाच सैल सोडावा लागणार आहे.