अर्धा गडी

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या मेस्त्रीच्या हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे अर्धीच रेघ ओढली गेली. इतर चार गड्यांच्या नावापुढे एकेक उभी, ठसठशीत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीला टेकणारी रेघ होती. माझी रेघ निघाली आणि मध्येच थांबली. एकतीस वर्षे बँकेत लोकांच्या नावापुढचे आकडे तपासण्यात गेल्यामुळे मला उलटी धरलेली वहीसुद्धा वाचता येते, तेव्हा ही गोष्ट माझ्यापासून लपवणे मेस्त्रीला शक्य नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्याने तसा प्रयत्नही केला नाही. "साहेबांचं अर्ध," असे तो सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. आठवडा झाला, खांदा आता बरा आहे, ते 'अर्ध' मात्र अजून ठणकते.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवर आमचे वडिलोपार्जित घर आहे. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी त्याच वाटेवर पुढे लागते, एवढे सांगितले की तिकडच्या पावसाची कल्पना जाणकारांना येईल. मृग लागण्याच्या आत कौले परतली नाहीत, तर पुढचे चार महिने घरातली भांडी स्वयंपाकासाठी न वापरता गळतीखाली मांडावी लागतात. त्यातून यंदा वानरांनी पाखाडीवर धुमाकूळ घातला होता. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हा त्या पाद्र्यांनी पावसाचा, वाऱ्याचा आणि उताराचा विचार केला असेल. फणसाच्या झाडावरून थेट आढ्यावर उडी टाकणाऱ्या वानराचा केलेला दिसत नाही. खानापुरात कौलांचे कारखाने पुढे निघाले आणि तिथल्या तांबड्या मातीचे नाव झाले, पण वानराच्या बाबतीत त्यांचाही काही इलाज चालला नाही.

या घराचे आम्ही तिघे भाऊ मालक आहोत. पुण्याच्या भावाला वासे कुजल्याचे फोटो पाठवले, त्याने अंगठा पाठवला. कोल्हापूरच्या भावाने हात जोडल्याचे चित्र पाठवले. वासे अंगठ्याने बदलत नाहीत आणि जोडलेल्या हातांवर कौले राहत नाहीत, म्हणून मी बेळगावहून पहिल्या बसने अर्धा किलो कुंदा आणि बँकेतून काढलेली रक्कम घेऊन निघालो. ही तक्रार इथे करण्याचे कारण नव्हते, पण दुसरीकडे करण्याची सोय नाही.

कौले उतरवण्याची रीत अशी, की वरच्याने काढायचे, शिडीवरच्याने झेलायचे आणि खालच्याने भिंतीला टेकवून उभे रचायचे. एका कौलाचे वजन दोन-अडीच किलो असते, आणि दर शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले बसतात. खालचा माणूस मी होतो. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या हातून तीन कौले फुटली. मेस्त्री बैलहोंगलकडचा, कौले मोजायची ती कन्नडमध्ये आणि रागवायचे ते मराठीत, असा त्याचा शिरस्ता. त्याने वरून अत्यंत आदराने विचारले, "साहेब, तुम्ही जरा सावलीत बसलासा तर?" सावलीत बसणे मला अपमानास्पद वाटले. परसात गेल्या वर्षीच्या वादळात मोडून पडलेली फणसाची फांदी तुकडे करून ठेवलेली होती. पावसाळ्यात न्हाणीच्या चुलीला जळण लागणारच, तेव्हा "मी लाकडे फोडतो" असे मी जाहीर केले. छपरावरचे चारही हात एकदम थांबले. तेव्हाच मला काही कळायला हवे होते.

आणि इथे तात्यांचा प्रवेश झाला. प्रवेश हा शब्द बरोबर नाही, कारण ते आधीपासून तिथेच होते. तात्या शेजारच्या घरचे. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, कमरेला चंची. परसातल्या एका मोठ्या ओंडक्यावर ते सकाळी सातपासून बसले होते, आणि बसण्याची ऐट अशी, की पाहणाऱ्याला वाटावे हे काम यांनीच काढले आहे. मी कुऱ्हाड घेऊन आलो तसे ते उठले, टॉवेलने ओंडका झटकला, आणि एखाद्या पाहुण्याला पाट द्यावा तसा तो माझ्यापुढे सरकवून स्वतः पायरीवर जाऊन बसले.

"ह्यो घ्या. मोठ्यापासनं सुरुवात करावी मान्सानं."

मी पहिला घाव घातला. कुऱ्हाड ओंडक्यावरून अशी उसळली, की जणू मी घणाने ऐरणच ठोकली होती.

"एक," तात्या म्हणाले.

त्यांनी मोजायला का सुरुवात केली हे मी विचारले नाही. पाचव्या घावापर्यंत ते स्वतःशी मोजत होते, दहाव्या घावाला त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिले आणि "हत्त!" अशी आरोळी ठोकली. वरून कोणीतरी "हत्त!" म्हणून पोच दिली. याप्रमाणे सुटे घाव मराठीत आणि दशक कन्नडमध्ये, अशी व्यवस्था लागली. एकीकडे मला सूचनाही मिळत होत्या. कुऱ्हाड मी पेनासारखी धरली आहे. पाय फाकवून गुडघ्यात वाकायला हवे. घाव मधोमध न घालता कडेला, जिथे वाळल्याची भेग दिसते तिथे, रेघेवर रेघ घालावी. कुऱ्हाडीचा दांडा ढिला आहे, आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवायला हवा होता म्हणजे फुगून घट्ट बसला असता. "तुमच्या वडलांची कुऱ्हाड कायम भिजत पडलेली असायची," असे ते म्हणाले, आणि त्यातून त्यांना माझ्याविषयी काय म्हणायचे होते ते मला कळले.

यातले सगळे खरे होते, हे मी आज मान्य करतो. खरे बोलणारा माणूस पायरीवर बसून पान लावत असला, की ते खरे किती झोंबते, याची कल्पना स्वतः कुऱ्हाड हातात घेतल्याखेरीज येणार नाही.

एकविसाव्या घावाला तात्यांचा फोन वाजला. त्यांचा नातू फोंड्याला एका कारखान्यात आहे. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरे गोव्याला आणि उरलेली पुण्याला असल्यामुळेच तर जळण फोडायला माझ्यासारख्या माणसावर पाळी येते. तात्यांनी फोन कानाला न लावता हातभर लांब धरला.

"काय करालाय आज्जा?"

"बघालोय. बँकेतलं सायेब लाकूड फोडालेत."

"फुटलं?"

"न्हाई. एकवीस झालं."

"दाखव की, दाखव."

तात्यांनी फोन माझ्याकडे वळवला. त्या चौकोनात एक अनोळखी तरुण होता, त्याच्या खांद्यावरून आणखी दोन डोकी डोकावत होती, आणि तिघांच्या हातात चहाचे कप होते. "काका, कडेला मारा, कडेला," असे तो तरुण मला फोंड्याहून, मधला सगळा घाट ओलांडून सांगत होता. मी मारले. ते नेमके मधोमध लागले. तिकडे तिघेही हळहळले, आणि त्यांची ती हळहळ मनापासूनची होती, हे मला जास्त लागले.

फणसाच्या लाकडाविषयी मला आदर आहे. ते आतून हळदीसारखे पिवळे असते, वाळवीला सहसा दाद देत नाही, आणि दक्षिणेत मृदंगाचे खोड त्याचेच करतात. त्या दिवशी मला त्याचा आवाज भरपूर ऐकायला मिळाला. तालाविषयी मी बोलू शकत नाही. "मूवत्त!" अशी तिसाव्या घावाची आरोळी झाली तेव्हा माझा चष्मा घामाने गळून ढलप्यांत पडला होता, आणि ओंडक्यावर मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या चार खुणा होत्या. मी कुऱ्हाडीवर रेलून उभा राहिलो. तात्यांनी पानाची पिंक टाकली आणि अगदी सहज, हवापाण्याविषयी बोलावे तसे ते म्हणाले,

"त्यो फुटत नसतो."

"काय?"

"त्यो फाट्याचा ओंडका हाय. दोन फांद्या फुटल्यात न्हवं तिथनं? आतनं शिरा एकमेकीत गुतलेल्या असतात. त्यो आमच्या आज्जाला फुटला नसता."

"मग हा ठेवलाय कशाला?"

"बसायला."

"तात्या, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

तात्यांना माझ्या प्रश्नाचे खरोखरच आश्चर्य वाटले. "तुम्ही इचारलासा कुठं? आणि चांगलं मारालासा की."

एवढे बोलून ते उठले, तो ओंडका पायाने पूर्वीच्या जागी ढकलत नेला, त्याच्यावर बसले, आणि उरलेल्या तुकड्यांकडे हात करून म्हणाले, "आता ते फोडा. ते फुटतात." ते फुटले. सरळ धाग्याचे होते. भेगेवर घाव बसला, की कोरड्या टणत्काराने दोन फाका होत होत्या. पण आता तात्या मोजत नव्हते, छपरावर कोणी पाहत नव्हते, आणि फोंड्याचा फोन केव्हाच बंद झाला होता. माझे जेवढे म्हणून यश होते, ते सगळे बिनसाक्षीचे गेले.

दुपारी तात्या आमच्याबरोबर जेवले. भात, फणसाच्या कुवरीची भाजी, आणि नंतर माझ्या अर्ध्या किलो कुंद्यातला निदान पावशेर. कुंदा थोडा जास्त भाजला गेला आहे असे त्यांचे मत पडले. चार वाजता त्यांनी खालूनच पाहून सांगितले, की न्हाणीच्या बाजूची तिसरी रीप उताराला उलटी बसली आहे. मेस्त्रीने वर जाऊन पाहिले आणि काही न बोलता ती काढून पुन्हा ठोकली.

मग संध्याकाळ झाली आणि ती वही निघाली. पूर्ण हजेरी सातशे रुपये ठरलेली होती. मेस्त्रीने चार गडी वाचले, आणि मग पाचवी पूर्ण रेघ दाखवून म्हणाला, "हे तात्या."

मी म्हणालो, की तात्या दिवसभर बसले होते.

"बसलेले की," मेस्त्री म्हणाला. "पण त्यांच्यामुळं पोरं वरनं उतरली न्हाईत. न्हाईतर उन्हाचं बारालाच चहाला म्हणून उतरतात, ते दोनला चढतात. आज तुम्ही फोडालासा, तात्या मोजालेत, म्हणून पोरं वरच थांबली. ओंडका फुटतोय काय बघालीत. आणि ती रीप कुणी सांगितली?"

"असे असेल तर फोडणारा मी होतो. ती पोरे मला बघत होती."

"म्हणून तर तुम्हाला अर्ध दिलोय," मेस्त्री म्हणाला. मग त्याने छपरावरून उतरणाऱ्या गड्यांकडे वळून तोच निकाल कन्नडमध्ये ऐकवला: "साहेब्र अर्ध आळु." तात्यांनी मान डोलावली आणि शेजारून जाणाऱ्या एका बाईला मराठीत सांगितले, "सायेब अर्धा गडी." 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, तेव्हापासून या भागात दोन्ही भाषांची माणसे भांडत आहेत. त्यासाठी 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल एकाला पटला आणि दुसऱ्याला पटला नाही, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे अर्ध्या मिनिटात एकमत झाले. शब्दही तोच निघाला. 'अर्ध' म्हणायला भाषांतराचीसुद्धा गरज पडली नाही.

हिशेब मेस्त्रीने असा केला: तात्यांचे सातशे, त्यातून माझ्या अर्ध्या हजेरीचे साडेतीनशे वजा, उरलेले साडेतीनशे मी द्यायचे. मी त्याला समजावू पाहिले, की माझी मजुरी माझ्याकडूनच मला येणे आहे, तेव्हा ती तात्यांच्या मजुरीतून वजा करण्याला हिशेबशास्त्रात आधार नाही. तात्यांना एक तर सातशे द्यायचे किंवा काहीच द्यायचे नाहीत. "मग सातशे द्या," मेस्त्री म्हणाला. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझा मुद्दा इतक्या लवकर मान्य होऊन माझ्यावरच उलटल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. मी साडेतीनशे दिले. तात्यांनी नोटा मोजल्या, पन्नासाची एक फाटकी निघाली ती बदलून घेतली, आणि उरलेला कुंदा नातवंडांसाठी बांधून नेला.

घरी परतल्यावर खांद्याला मलम चोळताना पत्नीने विचारले, की एवढ्या पैशांत फोडलेले जळण विकत आले नसते का. मी उत्तर दिले नाही. भावांना नव्या छपराचा फोटो पाठवला आहे. दोघांचेही अंगठे आले आहेत.

काल मेस्त्रीचा फोन आला होता. मागच्या सोप्याचे छप्पर तेवढे राहिले आहे, ते रविवारी उरकून टाकू, असे म्हणाला. मी म्हटले, पहिल्या बसने येतो.

"तात्यांना सांगितलोय," तो म्हणाला. "तुम्ही न्हाई आलासा तरी चालतंय. पैसे तेवढे फोनवरनं सोडा."