मळी दिसते, आपली टाकी दिसत नाही

दर उन्हाळ्यात कृष्णेत, पंचगंगेत मासे मरून वर येतात. फोटो फिरतात आणि तासाभरात कमेंटमध्ये निकाल लागतो: साखर कारखान्यानं मळी सोडली. सोडत असतीलही, त्यांची वकिली मला करायची नाही. पण नदीकाठच्या गावांत घरं बांधून देणं हा माझा धंदा आहे. कारखान्याचं धुराडं वर्षातले काही महिने पेटतं, आपले संडास बारा महिने चालतात, हे कुणी बोलतच नाही.

आमच्या भागात बऱ्याच गावांना भुयारी गटार नाही, घराखाली सेप्टिक टँक असते. टाकी बांधली की विषय संपला, आत सगळं जिरतं, अशी लोकांची समजूत. जिरत काही नाही. जड गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढच्या पाइपातून बाहेर पडतं. दिसायला बऱ्यापैकी निवळ, पण जंतू, अमोनिया, फॉस्फेट सगळं त्यात असतंच. ते शोषखड्ड्यात जाऊन मातीतून गाळलं जायला हवं. अर्धं काम टाकीचं, अर्धं मातीचं.

प्रत्यक्षात काय होतं? नकाशा घेऊन बसलो की मालक पहिली काट शोषखड्ड्यावर मारतात. "साहेब, खड्डा कशाला? गटार दारातच आहे की. तेवढ्या जागंत गाडी बसंल." मग कागदावर खड्डा आणि जागेवर पार्किंग. चार इंची पाइप गटारीला, गटार ओढ्याला, ओढा नदीला, आणि खालच्या गावाची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उपसायची विहीर, त्याच नदीत. भोगवटा दाखल्यासाठी पाहणीला येणारे समासातलं अंतर मोजतात, जिना बघतात. टाकीचं पाणी कुठं सोडलंय, हे विचारलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

(काळ्या मातीत शोषखड्डा नीट चालत नाही, पावसाळ्यात उलटा भरतो, हे खरंय. तिथं टाकीच्या पुढं खडीचा फिल्टर किंवा कर्दळी लावलेला वाफा करावा लागतो. विहीर, बोअर जवळ असेल तर खड्डा लांब घ्यावा लागतो. डोकं लावायचं काम आहे, पण होतं.)

हे पाणी नदीत गेलं की तिथले जंतू त्यातली घाण खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. ३० अंशाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि ४ च्या खाली गेला की बऱ्याच माशांना धाप लागते. एप्रिल-मेमध्ये धार आटलेली, बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी कोमट. त्यात फॉस्फेट आणि नायट्रोजनवर शेवाळ माजलेलं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच ओढून घेतं, म्हणून पहाटे पहाटे मासे तडफडतात. आंघोळीलायक नदीत बीओडी, म्हणजे घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा; घरातल्या कच्च्या सांडपाण्यात तो २०० ते ३०० असतो. टाकी चांगली असली तरी त्यातला निम्म्याच्या आसपास कमी करते, बाकीचा पुढं जातो. जलपर्णी काढायला पोकलेन लावतात, फोटो काढतात, पण तिला खत आपल्याच न्हाणीघरातून जातंय.

हे टाकी वेळेवर उपसलेली असेल तर. दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा असतो. आपण काढतो तुंबल्यावर, आणि ती तुंबते नेमकी घरात कार्य असताना. गाळानं भरलेल्या टाकीत काही बसायला जागाच उरत नाही, आलेलं तसंच पुढं जातं. शिवाय सक्शनची गाडी बोलावली तर तो टँकर कुठं रिकामा होतो, हे आपण विचारत नाही. रात्री ओढ्याच्या कडेला लावलेली गाडी मी पाहिली आहे.

वाईनं यातून वाट काढली. २०१८ पासून तिथल्या नगरपालिकेनं, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं, तुंबायची वाट न बघता तीन वर्षांच्या फेरीनं टाक्या उपसायला घेतल्या. ठेकेदाराची गाडी ठरलेल्या भागात येते, गाळ प्रक्रिया केंद्रात जातो, खर्चासाठी कर घेतला जातो. सिन्नरनंही हाच मार्ग धरला. यात फीत कापण्यासारखं काही नाही, म्हणूनच बहुधा बाकीच्या गावांत घाटावर दिवे आणि रंगरंगोटी आधी होते. मला विचाराल तर घाट सुशोभीकरणाचा निधी चार वर्षं गोठवा आणि त्यात दोन गाड्या घ्या.

तोवर घरमालकांनी निदान टाकीचं झाकण शोधावं. कित्येक घरांत ते पोर्चच्या फरशीखाली गाडलेलं असतं. गवंडी बोलवा, फरशी काढा, गाडी लावा. कुणाला आत उतरवू मात्र नका. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत जातो.

काळ्या मातीवाल्यांनी प्लॉटची रुंदी आणि बोअरचं अंतर कमेंटमध्ये टाका. वाफा कुठं बसेल ते सांगतो.