कम्युनिटी कॉलेजचे नर्सिंग आणि लाख डॉलरच्या कर्जाची थाप

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने ग्रीन कार्ड हाती आल्यावर तिथल्या कम्युनिटी कॉलेजातून (म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजातून) नर्सिंग करायचे पक्के केले होते. कॉलेजच्या माहितीसत्रालाही ती जाऊन आली होती. गेल्या महिन्यात तिने बेत रहित केल्याचे कळवले आणि कारण म्हणून एक फॉरवर्ड पाठवला, जो अमेरिकेतील मराठी गटांतून फिरत फिरत पुण्यात माझ्यापर्यंत आधीच पोहोचला होता. त्याचा आशय असा: दोन वर्षांची पदवी घेतलेल्या नर्सला वर्षाला जेमतेम 62 हजार डॉलर मिळतात आणि चार वर्षांची पदवी घेतलेलीला 94 हजार, कम्युनिटी कॉलेजातून बाहेर पडताना डोक्यावर लाख डॉलरचे कर्ज असते, रुग्णालये अशा नर्सना दारातही उभे करत नाहीत, सरकारने नर्सिंगला व्यावसायिक पदवी मानणे सोडल्यामुळे यापुढे कर्जही मिळणार नाही, सबब खासगी संस्थेचा झटपट अभ्यासक्रम घ्यावा, दुवा खाली दिला आहे.

यातील लाख डॉलरचा मुद्दा इतका बिनबुडाचा आहे की तो लिहिणाऱ्याने साधी बेरीजही केली नसावी. कॉलेज बोर्ड या अमेरिकी शैक्षणिक संस्थेच्या आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये सार्वजनिक दोन-वर्षीय कॉलेजांचे स्थानिक विद्यार्थ्यांसाठीचे सरासरी वार्षिक शुल्क 4,050 डॉलर होते. कॅलिफोर्नियात तर रहिवाशांना एका युनिटमागे (श्रेयांकामागे) 46 डॉलरच पडतात. नर्सिंगला गणवेश, प्रयोगशाळा, विमा आणि परीक्षांचा खर्च वेगळा येतो हे खरे, पण तो कितीही ताणला तरी लाखाच्या जवळपास जात नाही. शिवाय संघराज्य सरकारच्या कर्जाला कायद्यानेच मर्यादा आहे. विवाहित किंवा 24 वर्षांवरील विद्यार्थी ‘स्वतंत्र’ मानला जातो आणि त्याला पहिल्या वर्षी 9,500 व दुसऱ्या वर्षी 10,500 डॉलरपर्यंतच कर्ज मिळते. पदवीपूर्व शिक्षणाची एकूण कमाल मर्यादा 57,500 डॉलर आहे. म्हणजे माझ्या बहिणीने ठरवून, हट्टाने, मिळेल तेवढे सगळे सरकारी कर्ज उचलले तरी तिला लाखाचा आकडा गाठता येणार नाही. पूर्वतयारीचे वर्ष धरून तिने तीस हजार घेतले, तर साडेसहा टक्के व्याजाने दहा वर्षांच्या फेडीत महिन्याला सुमारे 340 डॉलर जातील. रक्कम लहान नाही. पण त्यावरून लाख डॉलरच्या कर्जाची भीती घालणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे. (एच-4, म्हणजे एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांना हे कर्ज आणि गरजू विद्यार्थ्यांसाठीचे सरकारी पेल अनुदान दोन्ही मिळत नाही, पण ही कामाची माहिती मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.)

पगाराच्या मुद्द्यात नुसती चूक नाही, सरळ फसवणूक आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे मे 2024 चे आकडे समोर ठेवले की ही कारागिरी उघडी पडते. रजिस्टर्ड नर्सचे (आरएन) मध्यम वार्षिक वेतन, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते ते, 93,600 डॉलर आणि ‘लायसन्स्ड प्रॅक्टिकल’ नर्सचे 62,340 डॉलर. फॉरवर्डमधले 94 आणि 62 हजार नेमके इथून उचललेले दिसतात. पण प्रॅक्टिकल नर्स हा वेगळाच हुद्दा आहे. त्याचा अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा, परवाना परीक्षा वेगळी, आणि टेक्सास व कॅलिफोर्नियात त्याचे नावही वेगळे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची, म्हणजे असोसिएट पदवी घेणारा विद्यार्थी मात्र एनक्लेक्स-आरएन ही तीच परीक्षा देतो, जी चार वर्षांची पदवी घेणारा देतो, आणि उत्तीर्ण झाल्यावर दोघांनाही रजिस्टर्ड नर्स हा एकच परवाना मिळतो. हा विभाग रजिस्टर्ड नर्सचे वेतन पदवीनुसार वेगळे देतच नाही, त्यामुळे 93,600 या आकड्यात दोन वर्षांची पदवी घेतलेल्याही आल्या. वेतनात खरी तफावत पडते ती राज्याराज्यांत: कॅलिफोर्नियातील सरासरी दक्षिण डाकोटाच्या जवळपास दुप्पट आहे.

रुग्णालये नोकरी देत नाहीत, या विधानात अर्धे तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. मोठ्या शहरांतील नामांकित रुग्णालये, विशेषतः उत्तम नर्सिंगसाठी दिला जाणारा ‘मॅग्नेट’ दर्जा मिळवलेली, चार वर्षांच्या पदवीला पसंती देतात. न्यूयॉर्क राज्याने 2017 च्या कायद्याने नव्या नर्सना परवान्यानंतर दहा वर्षांत ती पदवी मिळवणे बंधनकारक केले, आणि न्यू जर्सीत राहून नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. पण दहा वर्षांची मुदत याचा अर्थ आधी परवाना, आधी पगार आणि मग उरलेले शिक्षण, असा होतो. अनेक रुग्णालये त्या शिक्षणाचा काही खर्च उचलतात, आणि मालकाकडून वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत मिळणाऱ्या अशा मदतीवर कर्मचाऱ्याला कर पडत नाही.

‘व्यावसायिक पदवी’चा वाद पदव्युत्तर शिक्षणाच्या कर्जमर्यादेचा आहे. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकूण एक लाख आणि ‘व्यावसायिक’ अभ्यासक्रमांना दोन लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि शिक्षण विभागाने प्रस्तावित केलेल्या व्याख्येत नर्सिंग दुसऱ्या गटात नव्हते. नर्स प्रॅक्टिशनर (पदव्युत्तर शिक्षण घेतलेली वरच्या दर्जाची नर्स) होऊ पाहणाऱ्यांनी त्याची काळजी जरूर करावी. दोन वर्षांच्या पदवीशी किंवा परवान्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला खरोखर सावध करायचे असते तर मुद्दा दुसराच होता. ‘दोन वर्षांची’ ही पदवी बहुतेकांना दोन वर्षांत मिळत नाही. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय अनेक ठिकाणी प्रवेशाआधीच पूर्ण करावे लागतात; माझ्या बहिणीने कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रातच बी.एस्सी. केले आहे, पण त्याला पंधरा वर्षे उलटल्याने कॉलेज ते श्रेयांक धरायला तयार नाही. त्यानंतर प्रवेश परीक्षा, कुठे प्रतीक्षा यादी, कुठे सोडत. शिक्षण विभागाच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर कर्जाचे जे मध्यम आकडे दिसतात ते सरकारी कर्ज घेऊन अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचे असतात; ज्यांनी कर्ज घेतलेच नाही ते त्यात नसतात आणि ज्यांनी कर्ज काढून शिक्षण मध्येच सोडले तेही नसतात. या शेवटच्या गटाकडे हप्ता असतो आणि नर्सचा पगार नसतो. कम्युनिटी कॉलेजची भलामण करणारेही या लोकांविषयी सोयीस्कर मौन पाळतात, हे मला तितकेच खटकते.

राहिला तो दुवा. खासगी संस्था म्हणजे लबाडी, असे माझे म्हणणे नाही. पण फ्लोरिडातील तीन संस्थांच्या नावे 7,600 हून अधिक बनावट नर्सिंग प्रमाणपत्रे विकली गेल्याचे प्रकरण जानेवारी 2023 मध्ये उघड झाले आणि 25 जणांवर आरोप ठेवले गेले. त्यानंतर ‘झटपट’ हा शब्द दिसला तरी एनक्लेक्समधील पहिल्या प्रयत्नाच्या उत्तीर्णतेची टक्केवारी, राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि पूर्ण शुल्क या तीन गोष्टी विचाराव्यात. मी तो दुवा उघडून पाहिला. या तिन्हींपैकी एकही गोष्ट तिथे नव्हती. फोन नंबर भरायची चौकट तेवढी होती.