खालिद जमील आणि तुटपुंज्या साधनांचे फुटबॉल

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारतीय फुटबॉल संघ बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. बांगलादेशाने आपल्याला हरवण्याची ही बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. तेव्हापासून प्रशिक्षक खालिद जमील यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे मला अन्यायाचे वाटते आणि थोडे खरेही वाटते. माझे म्हणणे असे आहे की हाताशी असलेल्या मोजक्या खेळाडूंतून टिकाऊ संघ उभा करण्याच्या विद्येत हा माणूस आज देशात अव्वल आहे, आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावर नेमकी तीच विद्या वापरायला सर्वांत कमी वाव मिळतो. त्यांना आधी डोक्यावर घेणाऱ्यांनी आणि नंतर त्यांचा राजीनामा मागणाऱ्यांनी, दोघांनीही त्यांची कारकीर्द ओळीने पाहिलेली नाही.

जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये झाला आणि आखाती युद्धानंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. खेळाडू म्हणून ते मधल्या फळीतले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा आणि शेवटी मुंबई एफसी असा त्यांचा सगळा प्रवास मुंबईच्या संघांतून झाला. भारताकडूनही ते खेळले. २००५-०६ मध्ये महिंद्राने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली तेव्हा ते त्या संघात होते आणि प्रशिक्षक होते डेरिक परेरा, म्हणजे तेही खेळाडूपणातून प्रशिक्षणाकडे वळलेले. मात्र दुखापतींनी जमील यांची पाठ सोडली नाही आणि २००९ मध्ये, बत्तिशीत, खेळणे थांबवून त्यांनी मुंबई एफसीच्याच प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतली. खेळाडू म्हणून ही कारकीर्द चांगली होती, थोर नव्हती, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नावाच्या वलयामुळे त्यांना पुढे कुठलेच पद मिळाले नाही.

मुंबई एफसीची ती जवळपास सात वर्षे आता कोणाच्या फारशी लक्षात नाहीत. नॅशनल फुटबॉल लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, हा संघ कधी विजेतेपदाच्या शर्यतीत नसायचा. कूपरेजच्या मैदानाचे काम सुरू असताना तर घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागत होते, म्हणजे मुंबईच्या संघाला मुंबईतच घर नव्हते. अशा संघाला वर्षामागून वर्ष वरच्या श्रेणीत टिकवणे हे काम बाहेरून अगदी नीरस दिसते. सामना बरोबरीत सोडवायचा, आघाडीच्या संघाला मोकळी जागा द्यायची नाही, फ्री किक आणि कॉर्नरवर मेहनत घ्यायची, आणि दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या खेळाडूला हाताशी धरायचे. जमील यांची पुढची सगळी पद्धत इथे तयार झाली. तिला बचावात्मक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ते २०१६ मध्ये गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत ढकलला गेला.

त्याच हंगामात जमील मिझोराममधल्या आयझॉल एफसीचे प्रशिक्षक झाले आणि तिथे जे घडले ते भारतीय फुटबॉलमध्ये आजवर पुन्हा घडलेले नाही. आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनी अंग काढून घेतल्यामुळे स्पर्धेत जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत घेतले गेले. थोडक्यात, २०१६-१७ चा हंगाम खेळण्याचा हक्कसुद्धा या संघाने मैदानावर मिळवलेला नव्हता. जमील यांनी जाताना मुंबई एफसीमधले जयेश राणे आणि आशुतोष मेहता बरोबर नेले, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना होता, आणि बाकीचा बराचसा भरणा स्थानिक मिझो मुलांचा होता, ज्यांच्या पळण्याच्या ताकदीबद्दल आणि मैदानावरच्या निर्भयपणाबद्दल वेगळे सांगायला नको. २२ एप्रिल २०१७ रोजी, शेवटच्या फेरीच्या आधीच्या सामन्यात, त्यांनी आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. सामना संपायला काही मिनिटे असताना तो गोल झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने केला. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एका गोलने मागे पडूनही सामना १-१ असा सोडवला. आयझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६, आणि ईशान्य भारतातला संघ प्रथमच देशाचा विजेता झाला.

हे सारे नशिबाने घडले, असे म्हणणारे तेव्हाही होते. अठरा सामन्यांच्या लीगमध्ये नशीब एवढे लांब पुरत नाही. मला त्या संघात दिसली ती प्रत्येक खेळाडूच्या कामाची स्पष्ट वाटणी. राणेला कुठे पळायचे आहे आणि चेंडू गेल्यावर कुठे परतायचे आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका दिसत नसे. अल-अमनाला मोकळीक होती, कारण त्याच्या मागे उभे असलेले दोघेजण जागा सोडत नसत. अशी वाटणी फळ्यावर लिहून होत नाही. त्यासाठी महिनोन्महिने, रोज, तोच सराव करून घ्यावा लागतो, आणि पुढच्या सगळ्या चर्चेसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

त्यानंतर कोलकाता झाले. ईस्ट बंगालला २००३-०४ नंतर राष्ट्रीय लीग जिंकता आली नव्हती आणि तो दुष्काळ संपवण्यासाठी जमील यांना आणले गेले. संघ चौथा आला. २०१९ मध्ये मोहन बागानने हंगामाच्या मध्यावर बोलावले, तेही जमले नाही. तिथे साधने भरपूर होती, संयम नव्हता, आणि पत्रकारांशी गोड बोलून वेळ मारून नेण्याचे कौशल्य या अबोल माणसापाशी मुळीच नव्हते.

नॉर्थईस्ट युनायटेडमधली कहाणी मात्र दोन्ही बाजूंनी पाहिली पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये परदेशी प्रशिक्षकाला काढल्यावर त्यांना हंगामी जबाबदारी मिळाली, संघ सामन्यांमागून सामने अपराजित राहिला आणि आय-लीगच्या जागी देशातली वरची स्पर्धा बनलेल्या इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. भारतीय प्रशिक्षकाने तिथवर संघ नेण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या हंगामासाठी त्यांना कायम केले आणि संघ दहावा आला. त्यांच्या चाहत्यांना हे आकडे अडचणीचे वाटतात, म्हणून ते सांगत नाहीत. मी सांगतो, कारण त्यातून त्यांची मर्यादा दिसते. मधल्या फळीतले अनुभवी परदेशी खेळाडू दुखापतीने किंवा अन्य कारणाने नसले की त्यांच्या संघाला गोल करण्याचा दुसरा मार्ग चटकन सापडत नाही.

जमशेदपूरमध्ये त्यांनी यावर काम केले, असे माझे मत आहे. २०२४-२५ मध्ये तो संघ लीगमध्ये पाचवा आला, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मोहन बागानला २-१ असे हरवून दुसऱ्या सामन्यात ०-२ असा हरला, आणि नंतर सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून पराभूत झाला. बाजू बदलून वेगाने केलेले हल्ले त्या संघात आयझॉलपेक्षा अधिक होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक ठरवले, यात काही वावगे नव्हते.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ते राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद पूर्णवेळ भारतीयाकडे आले. पण कोणत्या स्थितीत? आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आपण मायदेशी बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव पदरात घेऊन बसलो होतो, आणि हे दोन्ही सामने जमील यांच्या आधीचे. सुपर लीगच्या हक्कांचा करार संपत आल्याने लीग थांबलेली, खेळाडू स्पर्धात्मक सामन्यांविना. मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कप या स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरीही ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवून आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून संघ परतला. ऑक्टोबरमध्ये पात्रता फेरीत सिंगापूरमध्ये अखेरच्या क्षणी रहीम अलीने आपल्याला १-१ अशी बरोबरी साधून दिली, आणि पाच दिवसांनी मडगावात छांगटेने आघाडी दिल्यावरही आपण १-२ असे हरलो. पात्रता तिथेच संपली.

मडगावच्या सामन्याचा दोष मी जमील यांच्यावरच ठेवतो. आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरकला आणि मधल्या फळीतली जागा सिंगापूरला मिळाली. ही मुंबई एफसीची जुनी सवय होती. क्लबमध्ये ती चालते, कारण तिथले चार बचावपटू वर्षभर एकत्र सराव करतात. राष्ट्रीय शिबिरात आठ-दहा दिवसांच्या ओळखीवर बचावफळीला इतका वेळ दबावाखाली ठेवता येत नाही. त्यांना पद्धत बदलावी लागेल, चेंडू अधिक काळ आपल्याकडे ठेवावा लागेल, आणि त्यासाठी वयाने तरुण मधली फळी निवडून तिच्या चुका काही काळ पोटात घालाव्या लागतील.

पण राजीनामा मागणाऱ्यांना माझे एक विचारणे आहे. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी प्रशिक्षक म्हणून. जमील यांना सुपर लीगमध्ये पहिली संधी मिळाली तीही हंगामीच. परदेशी प्रशिक्षक अपयशी ठरल्यावर मोसमाच्या उरल्यासुरल्या सामन्यांसाठी भारतीयाला उभे करायचे, आणि तो यशस्वी झाला की पुन्हा परदेशी शोधायचा, हा आपल्या क्लबांचा परिपाठ आहे. पात्रता आधीच गेलेली असल्यामुळे यापुढच्या काळात राष्ट्रीय संघाला गमावण्यासारखे फार थोडे आहे, आणि दीर्घ मुदतीचे शिबिर देऊन, क्लबांकडून खेळाडू वेळेवर सोडवून घेऊन एखाद्या भारतीय प्रशिक्षकाला संघ बांधू देण्यासाठी याहून सोयीची वेळ येणार नाही. महासंघाने ते करून पाहावे, आणि त्यानंतरही संघ आघाडी घेऊन मागे सरकत राहिला, तर जमील यांना बदलण्याची मागणी करणाऱ्यांत मीही असेन.