स्क्रबरने सगळा पारा जात नाही

कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुराविषयीच्या लेखातलं ‘स्क्रबर (धूर फवाऱ्याने धुणारी यंत्रणा) बसवला की गंधकासोबत पाराही जातो’ हे वाक्य अर्धंच खरं. क्लोरीनशी संयोग झालेला पारा पाण्यात विरघळतो, तेवढाच स्क्रबर धरतो. कशाशीच संयोग न झालेल्या मूळ पाऱ्याची वाफ सरळ चिमणीबाहेर! आपल्या कोळशात क्लोरीन कमी, म्हणून तिचं प्रमाण जास्त. उपाय आहे: ब्रोमीन लावलेल्या सक्रिय कार्बनची भुकटी धुरात सोडायची. ती पारा धरते, पण ईएसपीत (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रात) राखेतच मिसळते, राख काळपट पडते आणि काँक्रीटवाले नाक मुरडतात, कारण त्यांची रसायनं हा कार्बन शोषून घेतो. राख आधी काढून, मग भुकटी सोडून पुढे बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) लावला तर पारा धरणं आणि राख स्वच्छ ठेवणं, दोन्ही साधतं, फक्त खर्चाचं नाव काढायचं नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या अधिसूचनेत पाऱ्यासाठी घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण चिमणीतला पारा मोजतं कोण, हेही लिहायला हवं होतं.