तीन मिनिटांचा चेंजओव्हर आणि गोळ्यांचे मशीन

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: टोयोटात हजार टनी प्रेसचा (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचा) साचा तीन मिनिटांत बदलतो, आपल्या औषध कारखान्यांत मात्र गोळ्यांच्या मशीनवर दुसरे उत्पादन घ्यायला, म्हणजे चेंजओव्हरला, अख्खी पाळी जाते, आणि याला कारण ऑपरेटरची ढिलाई व क्यूएच्या (गुणवत्तेची खात्री करणाऱ्या विभागाच्या) सह्या. नाशिकमध्ये मोटारींचे सुटे भाग करणारी प्रेस शॉप पुष्कळ असल्यामुळे ही तुलना चटकन पटते.

तीन मिनिटे खरी आहेत, पण गोष्ट अर्धीच सांगितली आहे. १९६९ मध्ये जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी त्या प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणला, तोही सहा महिने खपून. तीन मिनिटे त्याच्या पुढची. कामगारांना पळवून हे झाले नाही, तर मशीन थांबवून केली जाणारी कामे ते चालू असतानाच उरकल्यामुळे झाले. म्हणजे ढिलाईचा आरोप त्याच उदाहरणाने खोटा ठरतो.

शिवाय पत्र्यावर आधीच्या पत्र्याचा कण राहिला, तर कोणी आजारी पडत नाही. गोळ्यांच्या, म्हणजे कॉम्प्रेशन मशीनवर पंच आणि डाय (पावडर दाबून गोळी करणारे दट्टे व साचे) बदलणे हे त्या मानाने लहान काम आहे. खरा वेळ जातो तो टरेट (पंच-डाय बसवलेला फिरता भाग), फीड फ्रेम (डायमध्ये पावडर भरणारा भाग) आणि हॉपर (पावडर ओतायचे नरसाळे) धुऊन, वाळवून, आधीच्या औषधाचा अंश मर्यादेखाली असल्याची खात्री करण्यात. ही मर्यादा आधीच्या औषधाचा कितपत अंश रोज पोटात गेला तरी अपाय होत नाही, पुढची बॅच किती मोठी आहे आणि त्या नव्या औषधाचा रोजचा कमाल डोस किती, यांवरून काढतात. ‘डोळ्यांना स्वच्छ दिसते ना’ एवढ्याने भागत नाही. पांढऱ्या पावडरीत उरलेली पांढरी पावडर कोणाला दिसणार? मात्र क्लीनिंग व्हॅलिडेशन (ठरलेल्या धुलाईने अंश मर्यादेखाली जातो हे आधीच सिद्ध करणे) पक्के झालेले असताना दर बदलाला स्वॅबच्या (धुतलेला भाग पुसून घेतलेल्या नमुन्याच्या) रिपोर्टसाठी मशीन अडवून ठेवणे बहुधा अनावश्यक असते, आणि ही तक्रार त्या मजकुरात असती तर मी ती मान्य केली असती.

सह्यांविषयी थोडक्यात: लाइन क्लिअरन्स (आधीच्या उत्पादनाचे काही उरले नाही ना, ही तपासणी) वगळला आणि ब्लिस्टर लाइनवर (गोळ्या स्ट्रिपमध्ये भरतात तिथे) मागची एक स्ट्रिप राहिली, तर ती भलत्याच औषधाच्या खोक्यात जाते. मी पाहिलेल्या बदलांत सही करायला मिनिटेच लागली. तास गेले ते सही करणारा येईपर्यंत. बदल केव्हा होणार हे क्यूएला आधी कळवणे, सुट्या भागांचा दुसरा संच धुऊन-वाळवून त्याच्या क्लीन होल्ड टाइममध्ये (धुतलेला भाग जितका वेळ स्वच्छ धरता येतो तेवढ्या मुदतीत) ट्रॉलीवर तयार ठेवणे, आणि एकाच औषधाच्या बॅचेस कमी स्ट्रेंग्थकडून (गोळीतल्या औषधाच्या मात्रेकडून) जास्तीकडे लावून मधली मोठी धुलाई टाळणे, एवढे केले तरी एकही तपासणी न गाळता मशीन बरेच आधी सुरू होते.